थंडीत मासे खाईनात

येलहंका, बंगलोर
८ जानेवारी १९९६

प्रिय वासंतीताईस,
तुझ्या तापट भावाचा नमस्कार.

कॉलेज सोडलं तरी मी मजेत आहे, आईला सांग. तिचे गुडघे कसे आहेत?

देवाप्पाअण्णांच्या परसात कामाला आहे. इथे हौदातल्या माशांचं घाण पाणी पंपाने खडीत लावलेल्या पालकाला जातं आणि स्वच्छ होऊन परत हौदात येतं.

थंडी पडली तसे मासे खाईनात. मला धीर कुठला! मी दुप्पट खाद्य टाकलं. ते कुजलं, पाणी गढूळ झालं, मासे वर येऊन तोंडं वासू लागले. वाटलं, मीच मारले सगळे.

अण्णा बेळगावकडचे. म्हणाले, "थंडीनं गप हाईत ती. तूबी गप बस की स्वल्प!"

अर्धं पाणी बदललं, खाद्य बंद केलं. आठ दिवस मासे तळाशी, न खाता, जिवंत! एकही मेला नाही. आणि पाणी इतकं नितळ की खवले मोजावेत. ताई, ती सगळी घाण पालकाची पानं झाली गं! मी नुसता बघत बसतो.

कॉलेजातली मुग्धा उत्तर देईना, तरी तिला रोज पत्र टाकत होतो, तेही थांबवलंय. तिला सांगू नकोस. पण तिने विचारलंच, तर लगेच तार कर.

तुझाच,
शंतनु