खदानीतली जीप

बाबा,

आज सकाळी आमच्या ग्रुपवर राजूरकडच्या एका जुन्या खदानीतला फोटो आला. आम्ही जुन्या गाड्यांच्या नादातली माणसं. कुणाला गोठ्यामागे, कुणाला भंगारात एखादं धूड सापडतं, तो फोटो टाकतो आणि ती गाडी कोणती ते बाकीच्यांनी शोधायचं. ज्याला आधी ओळखू येईल त्यानं फक्त ‘ओळखली’ असं लिहायचं. मग इतरांनी प्रश्न विचारायचे आणि त्यानं हो किंवा नाही एवढंच सांगायचं, पण खरं सांगायचं. एकदा लिहिलं की माघार नाही. हा नियम माझाच, आणि तो मोडणाऱ्यांना मी ग्रुपमधून काढलेलं आहे.

खदानीतलं पाणी पंपानं उपसलं होतं. तळाच्या गाळात एक जीप चारही चाकांवर उभी होती. समोरची जाळी नऊ फटींची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली, लष्करी. पण मागचा भाग भलताच लांब, त्यावर पत्र्याची पेटी आणि मागे दोन दारं, दोन्ही बंद. अशी जीप कोणत्याही कारखान्यानं काढलेली नाही. शिवाय असल्या लष्करी जीपची पेट्रोलची टाकी चालकाच्या सीटखाली असते आणि तिचं झाकणही तिथेच. इथे मात्र झाकण बाहेर, मागच्या चाकाच्या वर होतं. मी तव्यावर पोळी असतानाच ‘ओळखली’ लिहून मोकळी झाले. पोळी उलटली, आणि आपण काय ओळखलं ते तेव्हा कळलं.

ते झाकण तुम्ही बाहेर काढलंत, काकांच्या विडीपायी. वणीच्या गॅरेजात मी शाळेच्या गणवेशात उभी आहे, तुम्ही जीपखाली आडवे आहात आणि काका चालकाच्या सीटवर बसलेत. तुम्ही खालूनच ओरडता, “पेट्रोलवर बसून विडी ओढतं बे तू. तुले मराचं त मर, माह्यी गाडी काहून जाळतं?” काका हसतात. “दादा, गाडी तुह्यी, जीव माह्या. दोन्ही तूच सांभाळ.”

त्याच जीपमधून काका आदिलाबादकडे सरकी आणायला गेले आणि परतले नाहीत. तुम्ही काकूला सांगितलंत, “तिकडंच राह्यला तो. गाडी इकली असन. वाट नको पाहू.” भाऊ गेला, गाडी गेली, आणि तुम्ही ना शोधायला गेलात, ना पोलिसांत. कॉलेजच्या सुट्टीत आले तेव्हा मी विचारलं, तर म्हणालात, “तू आपला अभ्यास पाह्य.” मी अभ्यास पाहिला.

फोटो मोठा करून बघितला. पुढची नंबरप्लेट नाही. तिच्या जागी दोन गंजके बोल्ट आहेत, आपापल्या भोकांत परत पिळून बसवलेले. प्लेट गळून पडली असती तर बोल्टही गेले असते. चोरानं काढली असती तर तो बोल्ट बसवत बसला नसता. एकदा मी सुटा बोल्ट फरशीवर ठेवला, तर तुम्ही पाना आपटलात. “सामान काढलं का बोल्ट जागेवर लाव. उद्या तुलेच शोधा लागन.” अजूनही मी शिलाई मशीन उघडली तरी आधी स्क्रू जागेवर लावते.

ग्रुपवर प्रश्न सुरू झाले होते. लष्करी? हो. लांबी नंतर वाढवलेली? हो. आपल्याच जिल्ह्यातली? हो. ग्रुपमधले ढाणकीचे अडतदार वैतागले. “मॅडम, तुम्ही ओळखली म्हनलं का आमचा रविवार वाया जाते. आता एवढं सांगा, मालक माहीत हाये काय?”

मी फोन पालथा ठेवला. काकू समोर तुरीच्या शेंगा सोलत होती. तुम्ही गेल्यापासून ती माझ्याकडेच असते. कुंकू अजून लावते.

“काय पाहून राह्यली वं एवढं?”

“जुनी गाडी.”

“तुह्या काकाची त नाही ना?”

प्रत्येक फोटोला ती हे विचारते, थट्टेनं, आणि मी वर न बघता ‘नाही’ म्हणते. आज माझ्या तोंडून ‘नाही’ निघालं नाही. तिचे हात थांबले. मग तिनं पुढची शेंग उचलली, पण ती सोलली नाही.

मी फोन उचलून ‘हो’ लिहिलं. नंतर पोलिस ठाण्यात फोन करून तुमचं नाव सांगितलं, काकांचं सांगितलं, बोल्टचंही सांगितलं. ठाणेदार म्हणाले, उद्या क्रेन लावू, दारं आमच्यासमोर उघडतील, तुम्ही या. बाबा, त्या दारांमागे नुसता गाळ असेल तर तुम्ही फक्त खोटं बोललात. तसं नसेल तर तुम्ही कोण होता ते मला ठाऊक नाही.

काकूला म्हटलं, उद्या राजूरला चल. तिनं कारण विचारलं नाही. एवढंच म्हणाली, “ऊन लय हाये, डोक्याले बांधाले काही घेजो.”

हा कागद पाठवायला पत्ता नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते. पोलिसांना मी ठणकावून सांगितलं की तिचा हक्क आहे, म्हणून तिला आणते. हक्क आहेच. पण ती दारं उघडताना तिथे एकटीनं उभं राहायची मला भीती वाटते, म्हणून त्या म्हातारीला नेते आहे.