टाकीच्या झाकणावरचं कुंकू

गुरुवार, संध्याकाळ

बाबांची जुनी मोटरसायकल आजही तेलीबांधा चौकाच्या पुढं बंद पडली. काहून पडते? कार्बोरेटर दोनदा साफ केला, आता जीव कंटाळला. पेट्रोल पाहाले झाकण उघडलं, फुस्स आवाज झाला, अन् गाडी लगेच सुरू! झाकणातलं हवेचं भोक बुजलं होतं, म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं. बुजलं कशानं? कुंकवानं. मले शहराबाहेर, नव्या राजधानीत ड्यूटी लागली तेव्हापासून आई रोज गाडीची पूजा करते.

घरी आईच्याच बांगडीतली पिन मागून भोक मोकळं केलं. हात धुवून आलो, तर आई पुन्हा तिथंच ओलं कुंकू लावून राहिली होती.

"रस्ता लंबा आहे रे," म्हणाली.

पिन परत दिली नाही. किल्लीच्या छल्ल्यात अडकवून ठेवली.