सत्तेचाळीस नंबरचा जोड

१२ मार्च

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, माझे कान कामातून गेलेत, त्यामुळे घरात भांडणं कमी झाली आहेत. तुझ्या पत्राची वाट पाहणं सोडलं होतं, म्हणून आता मीच लिहितोय.

नदीकाठची आपली गोदी तुला ओळखू येणार नाही. आपण जहाजं बांधायचो तिथे कंटेनरच्या भिंती उभ्या आहेत. नदी उपसून इतकी खोल केली आहे, की इमारतीएवढी जहाजं सरळ आत येतात. वाटलं होतं, बघून जीव तुटेल. उलट छाती फुगली. क्रेनवर बायका बसतात, वेल्डिंगलाही मुली आहेत.

आपण बांधलेलं लांबडं मालवाहू जहाज गेल्या महिन्यात मोडायला इथेच आलं. बेचाळीस वर्षं चाललं. तळाच्या पत्र्याचा वेल्डिंगचा एक जोड असा निघाला, की कुठे तडा नाही की भोक नाही. तेवढा तुकडा कापून गोदीच्या नव्या फाटकावर लावायचं ठरलं. शेजारी जोडणाऱ्याचा नंबर ठोकलेला होता, सत्तेचाळीस. म्हणजे माझा.

साहेबांनी बोलावून चहा पाजला, पाठ थोपटली. मीही मिशीला पीळ देत ऐकून घेतलं. तिथली एक वेल्डर मुलगी जोडावरून बोट फिरवत होती. ती म्हणाली, "आजोबा, हा डावखुऱ्या माणसाचा जोड आहे. तुम्ही तर कप उजव्या हातात धरलाय."

मी कप खाली ठेवला.

तुला सगळं आठवत असेल. त्या दिवशी माझा उजवा हात भाजला आणि जोड तू पुरा केलास, तू जन्माची डावखुरी. तू शिकाऊ, तुला नंबर नव्हता, म्हणून मी माझाच ठोकला, डाव्या हाताने. अजून तिरका दिसतो. इथवर ठीक होतं. पण तो जोड पाहून मला फोरमन केलं, आणि बायकांना हे काम झेपत नाही म्हणून तुला घरी पाठवलं, तेव्हा मी तिथेच उभा होतो. तू माझ्याकडे पाहिलंस. मी मूग गिळून राहिलो. मला लाज वाटते, धाकटे, तेव्हाही वाटली होती.

त्या मुलीला मी सगळ्यांदेखत सांगितलं, "माझ्या बहिणीचा आहे." साहेब म्हणाले, कागदावर तर तुमचा नंबर आहे. म्हटलं, नंबर ठोकणारा हात माझा, जोडणारा तिचा. फोरमन झालो त्या दिवशीही मी इतका ताठ मानेने घरी आलो नव्हतो.

तुकडा येत्या रविवारी लागणार. खालची पाटी कोरायची मी थांबवली आहे. नाव माहेरचं घालायचं की सासरचं, ते मी सांगणार नाही. तुझ्या वाटचं बोलायचं होतं तेव्हा बोललो नाही, आता तुझ्या वाटचं ठरवणारही नाही. तूच येऊन सांग.

ती मुलगी रोज विचारते, त्या आजी कधी येणार म्हणून.

तुझ्या जोडावर फोरमन झालेला,
तुझा दादा