न धुतलेली लोकर

४ नोव्हेंबर, सोमवार
आले एकदाची! तिसरा मजला, एक खोली, एक खिडकी आणि कुणाच्या तरी चहाचे डाग पडलेलं टेबल. एकटीला महालच. कामही सकाळीच मिळालं. लोकरीच्या दुकानाच्या मालकीणबाईंना काचेमागे सजावटीला विणलेल्या वेली हव्यात. तीन टाक्यांनी पान सुरू करायचं, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी वाढवायचं, मग घटवत टोक काढायचं. हा तर माझ्या हातचा मळ.

७ नोव्हेंबर, गुरुवार
हिरवी लोकर संपली, दुकानातलीसुद्धा. ट्रंकेत ह्यांचा हिरवा स्वेटर होता, लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत मी विणलेला. हे जाऊन दोन वर्षं झाली. कसरीनं खाल्लेला स्वेटर किती दिवस उराशी धरायचा? उसवला. बाईंनी बजावलं होतं, उसवलेली लोकर गरम पाण्यात धुवायची, वजन टांगून वाळवायची, नाहीतर तिचे वळसे जात नाहीत, जुनाच आकार धरून बसते. पण धुतली तर ह्यांचा वास गेला असता. नाही धुतली. बाईंना मात्र धुतली म्हणून सांगितलं.

१० नोव्हेंबर, रविवार
पानं आतल्या आत वळताहेत. इस्त्री फिरवली, पुन्हा वळली. बाईंनी आज जेवायला बोलावलं होतं. गेले नाही. मी कुणाकडे गेलेलं ह्यांना खपत नसे, आणि माणूस गेलं तरी सवय जात नाही. दिवसभरात स्वतःचा आवाज एकदाच ऐकला, दूधवाल्याला "अर्धा लिटर" म्हणताना. फार एकटं वाटतं.

१३ नोव्हेंबर, बुधवार
दुकानातून परतले तर टेबलावर वेल नाही. तिच्या जागी बाही. सुया मी ठेवल्या तिथेच. वीण माझीच, कोपरापाशी चुकलेला टाकासुद्धा तोच, सव्वीस वर्षांपूर्वीचा.
मग धीर करून आत हात घातला. आत ऊब होती. लिहायला लाज वाटते, पण मी रडले आणि हात तसाच ठेवून बसले.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
दुसरी बाही झाली. पाठही अर्धी. न राहवून बाईंना सगळं सांगितलं. वाटलं, वेड्यात काढतील. हसल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, अगं, आता तरी गरम पाण्यात घाल, लोकर सगळं विसरते. आणि मग माझ्याकडे राहायलाच ये, मागची खोली रिकामी आहे. इतक्या मायेनं मला कुणी किती वर्षांत —
जाणार. उद्याच धुते आणि जाते.

१६ नोव्हेंबर, शनिवार
पाणी उकळलं. स्वेटर उचलला. बाहीनं मनगट धरलं. दुखेल असं नाही. मी चप्पल घालायला लागले की हे दारात धरायचे, तसंच.
पाणी आटून गेलं.

१७ नोव्हेंबर, रविवार
पाठ पुरी. पुढचा भागही. स्वेटर माझ्या अंगावर आहे. मी घातलेला नाही —

दुपार
बाई आल्यात. दार वाजवताहेत. म्हणताहेत, डबा आणलाय, उघड गं. कडी चार पावलांवर. बाह्या छातीवर आवळल्यात, आवाज फुटत नाही — उजवा हात तेवढा मोकळा, लिहिण्यापुरता —
त्यांना वाटतंय मी घरी नाही. जिना उतरताहेत —
बाई, थांबा, मी आहे, मला यायचंय, मी आत आ