झाकणावरचा आकडा

प्रिय ठिणगे,

फोन करता आला असता. पण फोनवर तू "बरी आहेस ना वहिनी?" विचारतेस, मी "हो गं" म्हणते, आणि मग आपण दोघी हवापाण्यावर येतो. आज त्याच्या पुढचं बोलायचंय. शिवाय यात थोडं गणित आहे, आणि तोंडी गणितात माझी काय दाणादाण उडते, ते तू पाहिलेलं आहेस.

भट्टी विकतेय असं मी तुला सांगितलं होतं, पण का ते सांगितलं नव्हतं. तू विचारलंही नाहीस. तुझा दादा गेल्यापासून माझ्या हातून एक कप धड उतरलेला नाही. माती तीच, झिलई तीच, मिसळायचं मापही तेच. तरी भट्टीतून निघतं ते निस्तेज आणि खरखरीत. नेहमीची गिऱ्हाइकं चांगली आहेत, तोंडावर काही बोलत नाहीत. कप उचलतात, कडेवरून बोट फिरवतात आणि अलगद जागेवर ठेवतात. ते अलगद ठेवणंच मला जास्त लागायचं. माझा हात गेला, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. मग भट्टी ठेवून करायचं काय?

चार दिवसांपूर्वी ती घ्यायला एक माणूस आला. खरबूज बघावं तशी त्याने ती चहूबाजूंनी ठोकून पाहिली आणि विचारलं, किती वॉटची आहे? मी झाकणाकडे पाहिलं. तू कॉइल गुंडाळल्या होत्यास, त्या दिवशी दादाने रंगाने लिहिलेलं १७.७ ओहम अजून तसंच आहे, सातांच्या लांब ओढलेल्या शेपट्यांसकट. आठवतो तो दिवस? भट्टी पहिल्यांदा चालू केली, तू मीटर बघून ओरडत होतीस, दोनशे तीस व्होल्ट, तेरा अँपिअर! व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम आणि गुणलं की वॉट, हे तू मला तीनदा समजावलंस आणि तिन्ही वेळा मी उलटंच केलं. "वहिनी, सतरा वॉटवर भाजायला बसलीस तर कप पुढच्या जन्मी मिळतील," असं म्हणून तू हसत सुटलीस. दादाही हसला, आणि त्या हसण्यातच पहिल्या साताची शेपटी लांबली. मग दुसरीही त्याने मुद्दाम तशीच ओढली.

तर मी त्या माणसाला तिथल्या तिथे हिशोब करून दाखवला. व्होल्टचा वर्ग, भागिले सतरा पॉइंट सात, जवळजवळ तीन हजार वॉट. एकदाही चुकले नाही. त्याने मान डोलावली आणि सहज विचारलं, "ताई, हा आकडा तेव्हाचा की आत्ताचा?" मी म्हटलं, आकडा तो आकडा. रविवारी टेम्पो आणतो म्हणून तो गेला. त्याचा प्रश्न मात्र शेडमध्येच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा तो चिमट्यासारखा मीटर शोधून काढला. भट्टी चालू केली, चिमटा जाड वायरीवर लावला. शून्य! आत कॉइल लालबुंद आणि मीटर म्हणतोय काहीच वाहत नाही. क्षणभर घाबरले, आणि मग तुझा आवाज कानात आला, "अगं, दोन्ही तारा एकत्र धरल्यास तर जाणारं आणि येणारं एकमेकांना खाऊन टाकणार ना!" एकटीच खो खो हसले. किती दिवसांनी, विचारू नकोस. मेन बंद केलं, मागचं झाकण उघडून चिमटा एकाच तारेभोवती बसवला, पुन्हा चालू केलं. दहा अँपिअर. तेरा नाही, दहा. व्होल्ट मोजले, ते दोनशे तीसच. भागाकार केला तर तेवीस ओहम, गुणाकार केला तर तेवीसशे वॉट.

ठिणगे, तुझ्या कॉइल म्हाताऱ्या झाल्यात गं. तापून तापून त्यांचा रोध वाढलाय आणि भट्टीची जवळजवळ पाव ताकद गेलीये. भट्टीतला तापमापक दादाच्या आजारपणात बिघडला, तेव्हापासून मी त्याने ठरवलेल्या वेळेबरहुकूम भट्टी बंद करत होते, एक मिनिट इकडे-तिकडे नाही. झिलई बिचारी कधी पुरती वितळतच नव्हती. आणि मी मोजायची कधी नाही, दरवेळी झाकणावर बघून त्याच्याच आकड्याने भागायची. मग उत्तर तीन हजार येणार नाही तर काय!

काल भट्टी अर्धीच भरली आणि घड्याळाकडे पाठ करून बसले. झिलई पाण्यासारखी चमकेपर्यंत भट्टीच्या बघायच्या भोकातून बघत राहिले, मगच बंद केली. सोबतच्या खोक्यातला कप त्यातलाच आहे. कडेवरून बोट फिरवून बघ.

टेम्पोवाल्याला नको म्हणून कळवलंय. नव्या कॉइल नाक्यावरचा वायरमनही गुंडाळून देईल, उद्याच देतो म्हणत होता. मी त्याला सांगितलं, आमच्या घरचं माणूस आहे. दादा गेल्यावर तू या शेडमध्ये पाऊल टाकलेलं नाहीस आणि मी कधी ये म्हटलं नाही. तुला त्रास नको, असं मी स्वतःला सांगायची. खरं म्हणजे तू दारात रडलीस तर मला आवरता येणार नाही, याची भीती होती. आता म्हणते, ये. मीसुद्धा रोज दारात थोडी थांबते, मगच आत जाते. दोघी थांबू. मग तू कॉइल गुंडाळ, आकडे ओरडून सांग, भागाकार मी करीन. १७.७ पुसायचं नाही. त्याच्याखाली जागा आहे, रंगही आणून ठेवलाय. नवा आकडा तू लिही.

वाट बघणारी, तुझीच,
वहिनी