फूटपट्टीबद्दल एक पान

६ जानेवारी
फूटपट्टीसुद्धा अर्ज करतेय. त्याच कॉलेजला! जगात एवढी कॉलेजं पडलीत, पण हिला माझंच हवं. (फूटपट्टी हे नाव मीच पाडलंय. सगळ्यांना मापत बसते.) मला पूल बांधायला शिकायचंय आणि ते नीट शिकवणारं कॉलेज ते एकच. बारावीनंतरच्या प्रवेशासाठी शाळा अकरावीतच एक नाव पाठवते. एकच. हिला पुलाबिलाशी काही देणंघेणं नाही. विचारलं तर म्हणे, "बघू, तिथे गेल्यावर ठरवीन." बघू म्हणे.

९ जानेवारी
डोकं फिरलंय. ॲडमिशनचं बघणारे सर म्हणाले, तुमचे दोघींचे मार्क सारखेच, तेव्हा आता पत्रांवर ठरेल. उमेदवाराबद्दल वर्गातल्याच कुणीतरी एक पान लिहायचं, पाकीट बंद करून द्यायचं. कॉलेजचे लोक येऊन वाचणार. "मैत्रिणींकडून लिहून घेतलं की नुसती साखर येते," सर म्हणाले. "म्हणून तुम्ही दोघी एकमेकींबद्दल लिहा."
काय पण डोकं चालवलंय! पाच वर्षं शेजारी बसतोय आम्ही, ते पण रोल नंबर शेजारचे म्हणून. मला तिचा श्वास ऐकूनसुद्धा वैताग येतो.

१२ जानेवारी
काही लिहिलं नाही.

१५ जानेवारी
तीन कागद फाडले. 'हुशार', 'मेहनती' असलं काही लिहायला हातच होत नाही. आई गणवेशांच्या ढिगात बसलेली, मशीन न थांबवता म्हणाली, "पत्र लिहायला सांगितलंय ना? मग किती उसवतेस? शिवून टाक एकदाचं." आईला सांगितलं, मी लिहीन, पण खरं लिहीन. ती म्हणाली, "तुझं खरं म्हणजे भांडणच असतं."
असू दे.

२१ जानेवारी
लिहून टाकलं. एक शब्द खोटा नाही. पण असं लिहिलंय की वाचणाऱ्याला घाम फुटावा.
प्रयोगाचं उत्तर जुळेना म्हणून हिनं तो सात वेळा केला. लॅबवाले काका कुलूप हातात घेऊन उभे, आमची बस गेली, हिला पत्ता नाही. चाचणीत दोन मार्क चुकून जास्त पडले तर स्वतः जाऊन सांगून आली. मग सरांनी सगळ्यांचेच पेपर पुन्हा तपासले, माझे चार गेले. गटाच्या कामात माझी पुलाची आकृती चुकलेली, ती सगळ्यांदेखत खोडली. "हे पडेल," एवढंच म्हणाली आणि शेजारी नवीन काढून दिली. मागच्या वर्षी मी जिन्यात रडत होते, तर साधं काय झालं म्हणून विचारलं नाही. पाण्याची बाटली ठेवली आणि वर्गात निघून गेली.
पान भरलं, मागची बाजूही भरली. अजून कितीतरी राहिलं. पाकीट चिकटवताना फार बरं वाटलं. अशा बाईबरोबर हॉस्टेलात कोण राहील?

२ फेब्रुवारी
कॉलेजचे दोघं येऊन गेले. दार बंद करून तासभर बसले होते. फूटपट्टी बाहेर शांतपणे गणितं सोडवत होती. मी विचारलं, "माझ्याबद्दल काय लिहिलंस?" वर न बघता म्हणाली, "जे होतं ते." म्हणजे तिनंही काढलाय राग! काढू दे. माझी उणीदुणी काढायला तिला दोन पानं लागली असणार, पण माझं पत्र जास्त झोंबेल. मला खात्री आहे.

५ फेब्रुवारी
कॉलेजला तिचं नाव गेलं. कॉलेजवाल्यांनी माझं पत्र दोनदा वाचलं म्हणे. "हिच्याबद्दल आता आणखी काही विचारायचं नाही," असं म्हणून उठले. मी हट्टच धरला, तेव्हा सरांनी तिनं माझ्याबद्दल लिहिलेलं हातात दिलं. तीन ओळी. "शांत असते. वह्या नीट असतात. बाकी मला तिच्याबद्दल माहीत नाही, म्हणून लिहीत नाही."