जिना दिंकाचा, पाऊस माझा

शिडीच्या मधल्या पायरीवर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून लिहितो आहे. अक्षर वाकडं आलं तर माझ्या प्रकृतीची काळजी करू नकोस. माडीवरून उतरत होतो. खालच्या खिडकीतून आपली दिंका म्हणाली, "चोरासारखा कुठे निघालास?" आता ती आत जाईपर्यंत मी उतरणार नाही, आणि ती जाणार नाही. (लिहिताना मी पुटपुटतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे.)

तर प्रिय याकोवदादा, तुला आणि वहिनींना नमस्कार. ऑस्ट्रेलियात तुझी कंबर कशी आहे? इकडे बेटावर सगळं ठीक. अंजीर यंदा बरे आले, माणसं मात्र कमी झाली.

पेरीना मावशीचं मृत्युपत्र टिकलं नाही. हात थरथरतो म्हणून तिने ते शेजारच्या मास्तरीणबाईंकडून लिहून घेतलं (थडग्यांवरचा मजकूरही गाव त्यांच्याकडूनच लिहून घेतो) आणि खाली फक्त सही केली. साक्षीदार नाही. नोटरी म्हणाले, अक्षर सुंदर आहे, पण मयताचं नाही. 'घर तिघांनी मिळून राखावं, वाटू नये,' एवढंच त्यात होतं. तेच रद्द झाल्यावर आम्ही दोघा भावंडांनी दुपारी खडू घेऊन घर वाटलं. खालचा मजला आणि बाहेरचा जिना दिंकाला. माडी आणि छप्पर मला. अंगण आणि त्याखालची पाण्याची टाकी तुला. तू नव्हतास, म्हणून तुला ओलं मिळालं.

पुढे एकदा मी चिखलाचे बूट घालून जिना चढलो. ती म्हणाली, "माझ्या जिन्यावरून उतर." म्हणून शिडी. मग मी म्हणालो, छप्पर माझं, तेव्हा त्यावर पडणारा पाऊसही माझा. आणि पन्हळ टाकीकडून काढून अंजिराकडे वळवली. "मग ढगांवरही नाव घालून ये!" असं ती म्हणाली. त्यानंतर आम्ही बोललो नाही. मघाचं 'चोरासारखा' हे बऱ्याच दिवसांतलं पहिलंच.

टाकीत आता तळाचा गाळ तेवढा उरला आहे. पावसाआधी ती घासून चुना लावला नाही, तर हिवाळाभर कुजकं पाणी प्यावं लागेल, नाहीतर पाण्याची बोट मागवावी लागेल. ती आपल्या दारासमोर लागलेली धक्क्यावरचा सगळा गाव बघेल. आणि हे काम एकट्याचं नाही, तुला ठाऊकच आहे: तू आत उतरायचास, दिंका दोर धरायची, मी छपराला चुना फासायचो. आता टाकी तुझ्या हिश्श्यात. तुझ्या परवानगीशिवाय मी तिथे पाऊल टाकणार नाही. मी कायदा पाळणारा माणूस आहे.

तुझा,
फ्राने

ता. क. कायद्याचं सोड. 'टाकी धुवा' एवढी एक ओळ मोठा भाऊ म्हणून दोघांच्या नावे पाठव. म्हणजे आपण माघार घेतली असं तिलाही वाटणार नाही आणि मलाही.

ता. क. २. पत्र टाकायचं राहिलं होतं. आज सकाळी शिडी जागेवर नव्हती. टाकीच्या तोंडातून तिचं टोक वर आलेलं दिसलं, आणि आतून दिंकाचा आवाज आला, "अहो पावसाचे मालक, चुन्याची बादली सोडताय, की दादाच्या ओळीची वाट बघू?" पन्हळ सरळ करून मी जिन्याने खाली उतरलो. बूट हातात घेतले होते.